खानदेशातील शिक्षकाची घडण आणि पहिली तीन वर्षे : एक ऐतिहासिक मागोवा

खानदेशच्या शैक्षणिक इतिहासाचे अवलोकन केले असता एक गोष्ट प्रकर्षाने नजरेस येते. शाळा कोणी काढली, जागा कोणी दिली, पायाभरणी कोणाच्या हस्ते झाली, छात्रालयास कोणाच्या मातोश्रींचे नाव आहे, याच्या नोंदी जागोजागी सापडतात. जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, शिरपूर येथील जुन्या शाळांच्या भिंतींवर दात्यांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आजही वाचावयास मिळतात. दानाची अशी कृतज्ञ नोंद ठेवणे उचितच होय. परंतु त्या इमारतीत पहिल्या दिवशी जो तरुण किंवा जी तरुणी हाती खडू घेऊन फळ्यापुढे उभी राहिली, तिला शिकवावयास कोणी शिकविले, पहिल्या वर्षी अडले तेव्हा तिने कोणाचा आधार घेतला, याची नोंद क्वचितच आढळते.

शाळेचा दर्जा सरतेशेवटी शिक्षकाच्या दर्जावर अवलंबून असतो, हे सर्वमान्य आहे. शिक्षकाचा दर्जा मात्र कशाने वाढतो, याविषयी आपल्याकडे दीर्घकाळ एकच उत्तर दिले गेले : त्यास नेमणुकीपूर्वी प्रशिक्षण द्यावे. हे उत्तर खोटे नाही. तथापि ते अर्धे आहे. उरलेले अर्धे उत्तर नेमणुकीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत दडलेले आहे. आपल्या प्रांताचा इतिहास, जगभरातील अलीकडचे संशोधन आणि आपली स्वतःची धर्मपरंपरा ही तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवितात. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी समाजबांधवांपुढे त्याचा मागोवा ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पंतोजी ते ट्रेनिंग कॉलेज

इंग्रजी अमलापूर्वी व त्याच्या प्रारंभी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सावकाराच्या पडवीत मुले बसत. धुळाक्षरे, उजळणी, पाढे व मोडी वाचन-लेखन एवढा अभ्यासक्रम असे. पंतोजीस वेगळे प्रशिक्षण नव्हते. मोठी मुले लहानांना शिकवीत आणि त्यांतूनच एखादा पुढे पंतोजी होई. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाने मद्रासमध्ये ही मुलांनी मुलांना शिकविण्याची रीत पाहिली आणि ती इंग्लंडात नेऊन तिचा मोठा प्रसार केला.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणास सरकारी धोरणात प्रथमच ठळक स्थान दिले. शिकाऊ शिक्षकांना विद्यावेतन द्यावे, त्यांच्यासाठी नॉर्मल स्कुले काढावीत व उत्तीर्ण होणाऱ्यांस प्रमाणपत्र द्यावे, असे त्यात सुचविले होते. त्यापूर्वीच महाराष्ट्रात एक मोठे उदाहरण घडून गेले होते. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर येथे फॅरारबाईंकडे व पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलात अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे चरित्रकार नमूद करतात. ज्योतिरावांसारखा सहचर त्यांच्या पाठीशी उभा होता, हेही येथे ध्यानी घेतले पाहिजे. रस्त्यात शेणगोळे झेलणारी ती नवशिक्षिका वर्गात एकटी नव्हती.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी ज्योतिरावांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसे वेतन मिळावे आणि ते कष्टकरी समाजात मिसळणारे, शेतकरी वर्गातूनही आलेले असावेत, असा आग्रह धरला होता. प्रशिक्षण, वेतन आणि समाजाशी नाते या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या. पुढील शंभर वर्षांत यांतील पहिली बऱ्याच अंशी मिळाली, दुसरी हळूहळू मिळाली, तिसरी मात्र मागेच राहिली.

त्या काळात व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा उत्तीर्ण झालेला मुलगा मास्तर होत असे. हुशार व भाग्यवान असेल त्यास पुढे ट्रेनिंग कॉलेजात जावयास मिळे. एकदा खेड्यातील शाळेवर रुजू झाल्यावर त्याचा शिक्षणखात्याशी संबंध प्रामुख्याने एकाच प्रसंगी येई : दिपोटीसाहेबांच्या तपासणीच्या दिवशी. शाळा सारवली जाई, मुले धुतलेल्या कपड्यांत येत, मास्तरांच्या छातीत धडधड होई. साहेब कविता म्हणावयास सांगत, गणिते घालीत व शेरा लिहून निघून जात. मास्तरांचे कोठे अडते, हे विचारणे त्या भेटीचे प्रयोजनच नव्हते. तपासणी व साहाय्य यांतील हा भेद पुढील सर्व इतिहास समजून घेण्यास उपयोगी पडणारा आहे.

अमळनेरची सहा वर्षे

१९०६ मध्ये खानदेशचे विभाजन होऊन जळगाव हे पूर्व खानदेशाचे व धुळे हे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे झाले. त्याच सुमारास अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यातून उद्योग, शिक्षण व विद्याव्यासंग यांचा एक आगळा संगम घडून येत होता. १९१६ साली तेथे तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना झाली. या मंदिरात अध्ययनासाठी आलेला पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण १९२४ मध्ये तेथील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात, म्हणजे पुढील प्रताप हायस्कुलात, शिक्षक म्हणून रुजू झाला. त्या वेळी त्याचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

साने गुरुजींचे अध्यापन, छात्रालयातील मुलांची त्यांनी आईच्या मायेने केलेली शुश्रूषा, स्वहस्ते लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ व पुढे चालविलेले ‘विद्यार्थी’ मासिक हे खानदेशातील घरोघरी ठाऊक आहे. १९३० मध्ये त्यांनी नोकरीचा त्याग करून सत्याग्रहात उडी घेतली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. ज्या गुरुजींना महाराष्ट्र आदर्श शिक्षक मानतो, त्यांची हायस्कुलातील शिक्षकी एकूण सहाच वर्षांची होती. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्यांचे अवघे अध्यापन हे ‘नवशिक्षका’चे अध्यापन होते.

याचा अर्थ काय घ्यावा? प्रतिभा व करुणा असेल तर प्रशिक्षणाची वा आधाराची गरजच नाही, असा अर्थ काही जण काढतात. तो बरोबर नाही. गुरुजींच्या भोवती तत्त्वज्ञान मंदिराचे वातावरण होते, ग्रंथ होते, समविचारी सहकारी होते, शाळा व छात्रालय एकत्र असल्याने विद्यार्थ्यांचा अष्टौप्रहर सहवास होता. शिवाय गुरुजी अपवाद होते. अपवादास वंदन करावे, परंतु हजारो शाळांची व्यवस्था अपवादाच्या भरवशावर उभी करता येत नाही. सामान्य गुणांच्या, प्रामाणिक तरुणास चांगला शिक्षक कसे करावे, हा प्रश्न अमळनेरच्या त्या तेजस्वी पर्वाने सोडविलेला नाही.

कर्मवीर, लठ्ठे आणि वर्धा

हा प्रश्न ज्यांनी हाताशी घेतला त्यांत एका जैन कुळात जन्मलेल्या महापुरुषाचे नाव अग्रभागी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्ये तिचे कार्य साताऱ्यास नेले. बहुजनांच्या मुलांसाठी वसतिगृह काढल्यावर त्यांच्या लक्षात आले, की खेड्यात शाळा हवी असेल तर आधी खेड्यात राहावयास तयार असा शिक्षक हवा. म्हणून १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. त्यानंतरच्या काळात संस्थेने ज्या ५७८ व्हॉलंटरी शाळा चालविल्या, त्यांमागे हा क्रम होता. आधी शिक्षक, मग शाळा. इमारत तर अनेक ठिकाणी देऊळ, चावडी वा झाडाची सावली एवढीच होती. वसतिगृहात वाढलेला, तेथील वडीलधाऱ्यांना ओळखणारा तरुण खेड्यात जाई तेव्हा त्याच्या पाठीशी संस्था नावाचे घर असे. प्रशिक्षण आणि आधार ही एकाच साखळीची दोन कडी होती.

स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रातही आपल्या समाजाने ही दृष्टी दाखविली. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई यांनी मुंबईत चालविलेल्या श्राविकाश्रमातून विधवा व निराधार भगिनींना शिक्षण मिळाले आणि त्यांच्यातून जैन कन्याशाळांना शिक्षिका लाभल्या. सोलापूरच्या श्राविकाश्रमात पंडिता सुमतीबाई शहा यांनी हेच कार्य विस्तारले.

१९३६ च्या डिसेंबरात पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी, १९३७ च्या ऑक्टोबरात, वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद होऊन बुनियादी शिक्षणाची योजना पुढे आली. डॉ. झाकीर हुसेन समितीने शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण व एक वर्षाचा अल्प अभ्यासक्रम सुचविला आणि शाळांच्या देखरेखीचाही स्वतंत्र विचार केला. मुंबई प्रांतात त्या वेळी बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते व अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे या जैन नेत्याकडे होते. प्रांतात बुनियादी शिक्षकांसाठी जी प्रशिक्षण केंद्रे निघाली, त्यांत मराठीसाठी लोणी, गुजरातीसाठी कतारगाम, कानडीसाठी धारवाड आणि उर्दूसाठी जळगाव यांची निवड झाली. बुनियादी शाळाही विखुरलेल्या न ठेवता एकमेकींच्या जवळ, सलग पट्ट्यांत सुरू करण्यात आल्या. नवी पद्धत हाताळणाऱ्या शिक्षकास शेजारच्या गावी तीच पद्धत हाताळणारा दुसरा शिक्षक भेटावा, मार्गदर्शकास पायी वा सायकलीवर चार शाळांना जाता यावे, हा अशा रचनेचा मोठा लाभ असतो. बुनियादी शिक्षणाचा प्रयोग पुढे मावळला. त्याबरोबर ही रचनाही विस्मृतीत गेली, हे दुर्दैव होय.

विस्तार झाला, सोबत सुटली

स्वातंत्र्यानंतर शिक्षणाचा विस्तार विलक्षण वेगाने झाला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात येऊन प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. पी.टी.सी.च्या जागी डी.एड. आले. १९६४ मध्ये पुण्यास राज्य शिक्षण संस्था निघाली व १९८४ मध्ये तिचे रूपांतर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत झाले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे सर्वपरिचित ‘डायट’, स्थापन होऊ लागल्या. १९९० च्या दशकात धुळे जिल्ह्याचा समावेश जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात झाला. त्याच दशकात सुमारे दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख नेमण्याची पद्धत महाराष्ट्राने स्वीकारली. शिक्षकांच्या मासिक सभा, पुढे ‘शिक्षण परिषदा’, केंद्रशाळेत होऊ लागल्या.

केंद्रप्रमुखाची कल्पना मूळची फार चांगली होती. त्याने नवशिक्षकाच्या वर्गात बसावे, स्वतः एक पाठ घेऊन दाखवावा, अडचण ऐकावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात माहितीचे तक्ते, पोषण आहाराचे हिशेब व वरिष्ठांचे तातडीचे निरोप यांतच त्याचा दिवस संपू लागला. अनेक पदे दीर्घकाळ रिक्तही राहिली. दिपोटींची तपासणी गेली, परंतु तिच्या जागी साहाय्य आले नाही, कागद आला.

दुसरीकडे प्रशिक्षणाचा बाजार वाढला. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात डी.एड. विद्यालयांचे पेव फुटले. मान्यतेचा वाद न्यायालयात गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. या आयोगापुढे राज्यातील २९१ संस्थांच्या मान्यतेचा प्रश्न होता. तपासणीअंती त्यांतील बहुतेक संस्था अपात्र ठरल्या. त्याच सुमारास, मे २०१२ मध्ये, राज्यात शिक्षकभरतीवर निर्बंध आले. कर्ज काढून पदविका घेतलेली खानदेशातील असंख्य मुले-मुली वर्षानुवर्षे नेमणुकीची वाट पाहत राहिली. २०१७ मध्ये ‘पवित्र’ प्रणाली आल्यावर भरतीचा मार्ग क्रमाने मोकळा होऊ लागला.

भरती झाल्यावर काय होते, तेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात २००० पासून नवनियुक्त शिक्षक पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ असतो. प्राथमिक स्तरावर त्याचे मानधन दीर्घकाळ दरमहा ६,००० रुपये होते; २०२३ मध्ये ते १६,००० रुपये झाले. माध्यमिकसाठी ते ८,००० वरून १८,००० व उच्च माध्यमिकसाठी ९,००० वरून २०,००० रुपये करण्यात आले. म्हणजे शिक्षकाच्या आयुष्यातील प्रारंभीच्या तीन वर्षांना शासनाने स्वतंत्र नाव दिले आहे, मुदत ठरविली आहे, मानधन ठरविले आहे. त्या तीन वर्षांत त्याचा हात कोणी धरावा, हे मात्र व्यवहारात कोणाचेच काम राहिले नाही.

आणि काम तर पहिल्या दिवसापासून पूर्ण असते. चोपडा, यावल, रावेर वा शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावर नेमणूक झालेल्या तरुण शिक्षकाचा विचार करावा. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथीचे वर्ग, एकाच वेळी दोन इयत्ता सांभाळावयाच्या. मुलांच्या घरी पावरी वा भिली बोलतात. मैदानी गावात अहिराणी, तावडी किंवा लेवा बोली. पाठ्यपुस्तक प्रमाण मराठीत. डी.एड.च्या सराव पाठात एक वर्ग, एक इयत्ता, एक घटक व चाळीस मिनिटे असतात. पाड्यावर यांतील काहीच तसे नसते. मूल गप्प बसते तेव्हा त्याला समजले नाही, की बोलावयास शब्द नाही, हे ओळखणे अनुभवी शिक्षकास जमते. नवशिक्षक मात्र ते मूल मंद आहे असे समजतो. दोन-तीन वर्षे असे समजत राहिला की ती त्याची कायमची समजूत होते. नुकसान शिक्षकाचे होते त्याहून अधिक त्या मुलाचे होते, आणि पहिलीतील ते वर्ष त्या मुलास परत मिळत नाही.

संशोधन काय सांगते

गेल्या काही दशकांत हा विषय जगभर बारकाईने अभ्यासला गेला आहे. अमेरिकेतील रिचर्ड इंगरसॉल व मायकेल स्ट्राँग यांनी २०११ मध्ये नवशिक्षकांच्या आधारासंबंधीच्या पंधरा अभ्यासांचा आढावा घेतला. असा आधार लाभलेले शिक्षक व्यवसायात अधिक टिकतात, वर्ग अधिक चांगला हाताळतात व त्यांचे विद्यार्थी अधिक प्रगती करतात, असा कौल बहुतेक अभ्यासांनी दिला होता.

सर्व निष्कर्ष एवढे सरळ नाहीत, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतच सुमारे एक हजार नवशिक्षकांवर झालेल्या व २०१० मध्ये पूर्ण झालेल्या एका मोठ्या प्रयोगात एक वर्ष आधार दिल्याने विद्यार्थ्यांच्या प्रगतीत फरक आढळला नाही. ज्यांना सलग दोन वर्षे आधार मिळाला, त्यांच्या विद्यार्थ्यांची प्रगती तिसऱ्या वर्षी दिसून आली. फळ येण्यास वेळ लागतो आणि अर्ध्यावर सोडले तर येतच नाही, हा त्याचा बोध होय. क्राफ्ट, ब्लेझर व होगन यांनी २०१८ मध्ये साठ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. वर्गात येऊन, पाठ पाहून, त्यावर चर्चा करणाऱ्या मार्गदर्शकाचा लाभ मोठा असतो, असे त्यांना आढळले. मात्र कार्यक्रमाचा पसारा जसजसा वाढतो तसतसा तो लाभ घटतो, असेही त्यांनी नोंदविले.

आपल्या परिस्थितीस अधिक जवळचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. तेथील नॉर्थ वेस्ट प्रांतात प्राथमिक वर्गांत मातृभाषेतील वाचन शिकविणाऱ्या शिक्षकांचे दोन गट करण्यात आले. पाठांची टाचणे व साहित्य दोन्ही गटांस तेच होते. एका गटास केंद्रावर बोलावून प्रशिक्षण दिले. दुसऱ्या गटाच्या शाळेत मार्गदर्शक वारंवार जात राहिला. दोन वर्षांनंतर दुसऱ्या गटातील मुलांच्या वाचनात झालेली सुधारणा पहिल्या गटाच्या जवळजवळ दुप्पट होती. आपल्याकडे दर उन्हाळ्यात होणाऱ्या प्रशिक्षण वर्गांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटू नये. वरून खाली झिरपत येणारे प्रशिक्षण शेवटच्या वर्गखोलीत पोहोचेपर्यंत पुष्कळसे आटून गेलेले असते.

इंग्लंडने २०२१ पासून प्रत्येक नव्या शिक्षकास दोन वर्षांचा आधार लागू केला. पहिल्या वर्षी तासिकांत दहा टक्के व दुसऱ्या वर्षी पाच टक्के सवलत, आणि नेमून दिलेला एक मार्गदर्शक, असे त्याचे स्वरूप ठरविण्यात आले. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शिक्षकांना दरवर्षी किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची संधी व अनुभवी व्यक्तींच्या मार्गदर्शनाचे राष्ट्रीय अभियान यांची शिफारस केली आहे. महाराष्ट्रात २०१५ नंतर सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळा पाहावयास राज्यभरातून शिक्षक गेले. आपल्यासारख्याच शिक्षकाच्या वर्गात बसून जे समजते, ते व्याख्यानातून समजत नाही, याचा प्रत्यय त्या भेटींतून अनेकांस आला.

येथे अमळनेरचा आणखी एक धागा जोडावासा वाटतो. १९४५ च्या डिसेंबरात महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वनस्पती तुपाचा जो कारखाना काढला, तो पुढे विप्रो या नावाने जगप्रसिद्ध झाला. त्या उद्योगाच्या संपत्तीतून अझीम प्रेमजी यांनी २००१ मध्ये जी संस्था उभारली, तिने कर्नाटक, राजस्थान, उत्तराखंड, छत्तीसगड आदी राज्यांत सरकारी शाळांच्या शिक्षकांसाठी अध्ययन केंद्रे चालविली. शाळा सुटल्यावर शिक्षक स्वेच्छेने तेथे जमतात, पुस्तके चाळतात, आपल्या वर्गातील अडचणी परस्परांस सांगतात. खानदेशच्या मातीत ज्या उद्योगाने मूळ धरले, त्याचे दान इमारतीपेक्षा शिक्षकाच्या घडणीकडे अधिक वळले, हे लक्षणीय आहे.

शैक्षाचे वैयावृत्त्य

हे सारे आपल्या समाजास अपरिचित आहे काय? मुळीच नाही. पेढीवर नवा मुलगा आला की त्याच्या हाती लगेच खातेवही कोणी देत नाही. तो थोरल्या मुनीमजींच्या शेजारी बसतो, रोजमेळ पाहतो, चुकतो, सुधारतो. वर्ष-दोन वर्षांनी त्याच्या नावे व्यवहार सोपविले जातात. चार्टर्ड अकाउंटंट होणाऱ्या आपल्या मुलांना परीक्षेबरोबर आर्टिकलशिप करावी लागते. डॉक्टरास इंटर्नशिप असते. नवा वकील ज्येष्ठाच्या हाताखाली काम शिकतो. फक्त शिक्षकाकडूनच आपण अशी अपेक्षा करतो, की त्याने पहिल्या दिवसापासून पंचवीस वर्षांच्या अनुभवी शिक्षकाइतकेच काम निर्दोष करावे.

याहून मोठा आधार आपल्या आगमपरंपरेत आहे. पंच परमेष्ठींत उपाध्यायांना स्थान देऊन आपण अध्यापनास वंदनीय मानले, हे सर्व जाणतात. परंतु श्वेतांबर व दिगंबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, या अभ्यंतर तपाचे जे दहा विषय सांगितले आहेत, ते या संदर्भात मुद्दाम पाहण्याजोगे आहेत. त्यांत आचार्य व उपाध्याय आहेत, तपस्वी आहेत, ग्लान म्हणजे रुग्ण साधू आहेत. आणि त्यांच्याच पंक्तीत ‘शैक्ष’ आहे. शैक्ष म्हणजे नवदीक्षित, ज्याचे शिक्षण अद्याप चालू आहे असा साधू. नवागताने ज्येष्ठांची सेवा करावी, हे कोणीही सांगेल. नवागताची सेवा इतरांनी करावी व ती तपात गणली जावी, असे सांगणारी दृष्टी विरळा. दीक्षा झाली म्हणजे साधू पूर्ण झाला असे आपल्या पूर्वाचार्यांनी मानले नाही. दीक्षेनंतरचा काळ हाच अधिक नाजूक आहे, हे त्यांनी ओळखले होते. श्वेतांबर परंपरेतील व्यवहारसूत्राने उपाध्यायपदासाठी किमान तीन वर्षांचा दीक्षापर्याय आवश्यक मानला आहे. आपल्या शिक्षणसेवकाची मुदतही तीनच वर्षांची असावी, हा योगायोग. पण तीन वर्षे ज्येष्ठांच्या सान्निध्यात घालविणे आणि तीन वर्षे एकट्याने ढकलणे, यांतील अंतर फार मोठे आहे.

पुढील वाट

आपल्या समाजाने खानदेशात व शेजारी शाळा, छात्रालये, शिष्यवृत्त्या यांसाठी मुक्त हस्ते दिले आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवडचे नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम असो वा जळगावात स्व. भवरलालजी जैन यांनी २००७ मध्ये सुरू केलेली अनुभूती शाळा असो, ही परंपरा अखंड आहे. २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. आपल्या संस्था आपण चालविण्याच्या अधिकाराबरोबर तेथील शिक्षक घडविण्याची जबाबदारीही ओघानेच आपल्यावर येते.

कोणत्याही न्यासास सहज पेलतील अशा काही गोष्टी येथे नम्रपणे सुचवाव्याशा वाटतात. समाजाच्या शाळांत नव्याने येणाऱ्या प्रत्येक शिक्षकास पहिली तीन वर्षे एक ज्येष्ठ शिक्षक नावानिशी जोडून द्यावा. त्या ज्येष्ठाने आठवड्यातून एकदा वर्गात बसावे, आणि त्यासाठी त्याच्या तासिका कमी कराव्यात. वेळ न देता सोपविलेले काम कागदावरच राहते. त्याने पाहिलेले व्यवस्थापनापर्यंत अहवालरूपाने जाऊ नये. तसे झाले तर मार्गदर्शकाचा पुन्हा दिपोटी होईल आणि नवशिक्षक आपली अडचण लपवू लागेल. जळगाव व धुळे येथे निवृत्त शिक्षक-शिक्षिकांची मोठी पिढी आहे. त्यांतील उत्तम व्यक्तींना या सेवेसाठी सन्मानाने पाचारण करावे. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षणसेवकांसाठीही महिन्यातून एका रविवारी न्यासाचे सभागृह व ग्रंथालय खुले ठेवता येईल. सातपुड्यातील शाळांवर जाणाऱ्या तरुणींच्या निवासाची सोय हीसुद्धा शिक्षणाचीच सेवा आहे. आरंभ पाच-दहा शिक्षकांपासूनच करावा. पसारा वाढला की गुण घटतो, हे संशोधनाने दाखविलेच आहे.

दर ५ सप्टेंबरला आपण आदर्श शिक्षकांचा सत्कार करतो. तो सत्कार बहुधा सेवेच्या अखेरीस होतो. शाल व श्रीफळ हाती येते तेव्हा शिकविण्याची वर्षे सरत आलेली असतात. सेवेच्या आरंभी, जेव्हा आवाज कापतो, वर्ग आवरत नाही व रात्री झोप येत नाही, तेव्हा त्याच व्यक्तीस कोणी विचारलेले नसते. सुवर्णमहोत्सवी वर्षात संकल्पित होणाऱ्या निधींपैकी एक निधी या नवशिक्षकांच्या पहिल्या तीन वर्षांसाठी राखून ठेवला जावा, अशी समस्त समाजबांधवांना व विश्वस्त मंडळास विनंती आहे. शैक्षाची सेवा हे तप आहे, असे आपले शास्त्र सांगते. ते आचरणात आणण्याची संधी आपल्या गावच्या शाळेत, पहिलीच्या वर्गात, आजही उपलब्ध आहे.

जय जिनेंद्र.